सोमवारचा चीक

२० एप्रिल १९८१, सोमवार. कुरडयांचा चीक शिजवायचा होता. गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, आदल्या दिवशी वाटून गाळून घेतले होते. पहाटे उठून वर निवळलेलं पाणी ओतून दिलं आणि खाली बसलेला चीक मोजला. सहा भांडी भरला. दोन-दोन भांडी करून तीन वेळा शिजवायचा बेत केला. चीक शिजवताना ढवळणारा हात थांबवून चालत नाही, लगेच गुठळ्या होतात. त्यासाठी शाळेतून दोन दिवसांची रजा काढली होती. मुलगी गच्चीवर प्लास्टिकचा कागद अंथरून, सोऱ्याला तेल लावून बसली होती. मी खाली शिजवून डब्यातून वर पोचवायचं आणि तिनं ऊन चढायच्या आत कुरडया घालायच्या, असं ठरलं होतं.

लग्न तिचंच होतं, मेच्या अखेरीला. मुलगा मनमाडचा, रेल्वेत नोकरीला. त्याचे वडीलही रेल्वेतच. स्थळ चांगलं होतं, मुलीला मुलगा आवडला होता, देण्याघेण्याची भाषा त्यांनी काढली नव्हती. सगळं सरळ होतं. सरळ नव्हते ते आम्ही. आम्ही त्यांच्यापासून माझं ऑपरेशन लपवलं होतं.

आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईला माझ्या पोटाचं ऑपरेशन झालं. तेव्हा माझं वजन एकशे आठ किलो होतं. शाळेचे दोन जिने चढले की फळ्याला टेकून उभी राहायची. साखर वाढलेली, गुडघे गेलेले. माझी आई याच दुखण्यांनी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेली होती आणि मला त्रेचाळीस पूर्ण झाली होती. माझा भाऊ मुंबईला असतो. त्याच्या ओळखीचे एक सर्जन परदेशातून हे ऑपरेशन शिकून आले होते. पोटाचा वरचा लहानसा भाग वेगळा करून तो खाली आतड्याला जोडायचा. त्यात मावणार अर्धी वाटी. त्यांनी आजवर अशी फारच थोडी ऑपरेशनं केली होती आणि ते त्यांनी लपवलं नाही. माणूस मरूही शकतो, असं ते स्पष्ट म्हणाले. मी विचार केला, नाही केलं तरी मरणारच आहे. सही केली.

कॉलनीत सांगितलं की गुडघ्यांच्या उपचारासाठी भावाकडे राहिले होते. हा सल्ला नणंदेचा. ती म्हणाली, पोटाचं ऑपरेशन म्हटलं की लोक कॅन्सर म्हणतील, आणि जाडी कमी करायला पोट कापलं म्हटलं तर वेड लागलं म्हणतील, दोन्हीकडून मुलीचंच नुकसान. मला ते पटलं. दिवाळीनंतर हे स्थळ आलं. बघण्याच्या वेळी मी पंचाण्णव किलोची होते, साखरपुड्याला ऐंशीची. दर भेटीत विहीणबाईंना निराळीच बाई भेटत होती. त्या बघत होत्या.

खाण्याबद्दल सर्जननी सगळं सांगितलं होतं. चार चमचे, बारीक चावून, जेवताना पाणी नाही, साखर नाही. अन्न घाईनं गेलं किंवा गोड गेलं तर ते थेट आतड्यात पडतं, मग घाम, धडधड, पोटात कळ, उलटी. ते सगळं खरं निघालं. त्यांनी सांगितलं नव्हतं ते एवढंच, की पोट लहान झालं तरी हात जुनाच राहतो.

मला भूक फारशी लागत नसे. तरी कोणी टोचून बोललं की हात डब्याकडे जायचा. आयुष्यभर मी तेच केलं होतं. सासूबाई बोलल्या की पोळीचा रोल, नवरा गप्प बसला की शेव, मुलीला ताप आला की दाणे-गूळ. पाटावर बसून मी इतरांएवढंच जेवत असे. खरं खाणं नंतर व्हायचं, ओट्यापाशी उभ्यानं, पाठ दाराकडे करून. ऑपरेशननंतर चार महिन्यांनी मुख्याध्यापिकांनी माझ्या हजेरीपटातली चूक सगळ्यांसमोर वाचून दाखवली. शाळा सुटल्यावर मी पावशेर पेढे घेतले, चालता चालता तीन खाल्ले, आणि नंतर अर्धा तास एका बंद दुकानाच्या पायरीवर घामानं भिजून बसून राहिले. ओळखीची एक पालक बाई विचारायला थांबली. ऊन लागलं म्हटलं. डिसेंबर होता.

त्या दिवसानंतर मी घरापुरते काही नियम केले. उभ्यानं खायचं नाही. खायचं ते वाटीत काढून, पाटावर बसून, घड्याळ बघून. हात शिवशिवले की लसूण सोलायचा. आमच्या घरात त्या वर्षी कायम दोन बरण्या सोललेला लसूण असायचा.

बाहेरचा प्रश्न वेगळा होता. लग्न ठरलेल्या घरी कोणी चार चमचे वाढत नाही. केळवणं सुरू झाली, आणि आग्रहाला नाही म्हणणारी मुलीची आई म्हणजे माजलेली बाई. तेव्हा मला उपास सुचला. देवाचं नाव घेतलं की आपल्याकडे वाढणारा हात आपोआप थांबतो. मी सोमवार धरला. मग गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी. जिकडे बोलावणं येईल त्या वाराचा उपास मला आधीपासूनच असायचा. नवऱ्याचा देवावर विश्वास नाही. तो म्हणायचा, "तेहतीस कोटींतले अजून किती शिल्लक आहेत बघ. मंगळवार देवीला देऊन टाक, बिचारी रिकामीच आहे."

पण मी एक गोष्ट विसरले होते. आपल्याकडे उपास म्हणजे न खाणं नसतं, वेगळं खाणं असतं. कॉलनीत माझी कीर्ती झाली आणि घरोघरून फराळ यायला लागला. साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, सगळं चिकट, तुपकट आणि ताटभर. बटाटा-साबुदाण्याइतकं माझ्या पोटाला वाईट दुसरं काही नव्हतं. पोळीचा एक तुकडा चावून पचला असता. तो मात्र आता कोणाच्या देखत मला खाता येत नव्हता.

विहीणबाई चैत्री पौर्णिमेला वणीच्या गडावर गेल्या होत्या. तिथून नाशिकला येऊन लग्नाच्या साड्या बघायच्या आणि आमच्याकडे दुपारी टेकून मनमाडला जायचं, असं त्यांनी पत्रात कळवलं होतं. पुढे लिहिलं होतं की तुमचा सोमवार असेल, तरी काही करू नका, तुमचं फराळाचं मीच घेऊन येते.

रविवारी संध्याकाळी नणंद आली. भाजीबाजारात तिला विहीणबाईंकडची एक नातेवाईक भेटली होती. मुलीची आई दिवसेंदिवस वाळत चालली आहे, घरात काय दुखणं आहे, आमच्या मुलाच्या गळ्यात काय पडणार, असं तिनं विचारलं होतं. नणंद म्हणाली, "विहीणबाई उद्या साडीला येत नाहीयेत. तुला बघायला येतायत."

सकाळी पातेल्यापुढे उभी होते तेव्हा डोक्यात हेच चाललं होतं. पहिली दोन भांडी शिजवून वर पोचवली. दुसरी शिजत आली तेव्हा मीठ बघायला उलथन्याच्या टोकाला लागलेला चीक चाटला. मीठ बरोबर होतं. पुन्हा चाटला. गरम चीक जिभेवर बसतो आणि चावावा लागत नाही, सरळ उतरतो. मग मी वाटी घेतली, तिच्यात चीक काढला आणि वर दोन चमचे साखर घातली. लहानपणी आम्ही असाच खायचो. मी काय करते आहे हे मला कळत होतं. पाट तीन हातांवर होता, तरी मी बसले नाही. उभ्यानं, पाठ दाराकडे करून वाटी संपवली आणि दुसरी भरली.

"आज सोमवार ना, विहीणबाई?"

मागे त्या उभ्या होत्या. गडावरून पहाटेच्याच गाडीनं निघाल्या होत्या. गच्चीच्या खेपांसाठी दार उघडं टाकलेलं होतं, त्यामुळे कडी वाजली नाही. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा.

माझ्या कानाच्या मागून घाम सुटला होता. छाती इतकी जोरात उडत होती की पदर हलत होता. मी गॅस बंद केला, एवढं मला आठवतं. मग मोरीकडे गेले आणि जे खाल्लं होतं ते सगळं बाहेर पडलं. विहीणबाईंनी डबा खाली ठेवला आणि माझी पाठ धरली. त्यांचा हात दंडावर आला तेव्हा क्षणभर थबकला. माझी कातडी तेव्हा दंडाला लोंबायची, मोठ्या बाईचा ब्लाउज लहान बाईला घातल्यासारखी.

आवाज ऐकून मुलगी खाली आली. विहीणबाई तिला म्हणाल्या, तू वर जा बाई, कुरडयांना कावळे लागतील. ती माझ्याकडे बघत राहिली. मी मानेनं हो म्हटलं तेव्हा गेली.

त्यांनी मला भिंतीला टेकवून बसवलं, समोर पाट ओढून स्वतः बसल्या आणि विचारलं, "टीबी हाय का कॅन्सर? मला खरं सांगा. मी आरडाओरडा नाय करणार."

मी म्हटलं, दोन्ही नाही. आणि सगळं सांगितलं. वजन, सर्जन, अर्ध्या वाटीचं पोट, उपास. चार-पाच वाक्यांत आटोपलं, कारण बोलायला दम नव्हता. त्यांनी ऐकून घेतलं आणि हसल्या.

"जाड होता म्हणून पोट कापून घेतलं? विहीणबाई, असं असतं तर आमचं निम्मं मनमाड कापावं लागेल. सुरुवात माझ्यापासून."

"खरं आहे ते."

"उपासपण खरा होता ना?"

पदर बाजूला करून मी त्यांना पोटावरचा व्रण दाखवला, छातीच्या खालून बेंबीपर्यंत. त्या वाकून बघत राहिल्या. व्रण कशाचाही असू शकतो, असं त्या म्हणाल्या नाहीत, पण चेहऱ्यावर तेच होतं. मग उठल्या. त्यांना माझा राग आला नाही, असं म्हणाल्या. त्यांच्या सासूनंही मूळव्याध लपवून दोन मुलांची लग्नं उरकली होती. पण मुलाचे वडील अशा बाबतीत कडक होते. "मी त्यांच्यापाशी खोटं बोलणार नाय. पाहिलं ते सांगणार. पुढचं त्यांच्यावर." चहा घेतला नाही. साड्या बघायला गेल्या नाहीत. डबा राहिला.

डब्यात राजगिऱ्याचे लाडू होते. सोळा. गुळाचे.

नवऱ्याला निरोप पाठवून घरी बोलावलं. नणंदही आली. तिनं बसायच्या आत तोडगा काढला. पित्ताच्या पिशवीत खडे झाले होते, त्याचं ऑपरेशन, असं सांगायचं. खडे सगळ्यांना होतात, व्रण जुळतो, खडे झाल्यावर माणूस वाळतोच, उलट्याही होतात. विहीणबाईंना सांगितलेलं तापाच्या भरात बोलले म्हणायचं. नवरा म्हणाला, दोन दिवस थांबू, मध्यस्थाला पाठवू. मुलगी एवढंच म्हणाली, "मी तुम्हाला साखरपुड्याच्या आधीच सांगितलं होतं, त्यांना सांगा म्हणून." आणि ती दुपारी जेवली नाही, संध्याकाळीही नाही.

नणंदेचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तिचं खोटं कोणालाही पटलं असतं आणि माझं खरं कोणाला पटत नव्हतं. सबंध दुपार मी ते खोटं घोकून बघितलं. चांगलं बसत होतं. फक्त पुढचं दिसत होतं. व्याहीभोजन, मग अधिकमासाचं वाण, दिवाळसण, बारसं. दर वेळी ताट येणार, मी उपास काढणार, फराळ येणार, आणि घरी येऊन मी ओट्यापाशी उभी राहणार. मुलीचं लग्न टिकलं तर मी मरणार, अशी ती व्यवस्था होती. हे मी रडून म्हणत नाही. सर्जननी सांगितलं होतं की वारंवार असं झालं तर जोडलेली जागा फाटू शकते.

चार वाजता मी स्वयंपाकघरात गेले आणि डब्याचं झाकण उघडलं. लाडू हातात घेतला. तो हातात असताना कोणी मला बघत नव्हतं. उरलेला चीक आंबू नये म्हणून शिजवायचा होता. लाडू परत ठेवला, तो काही निग्रहानं नाही. एका हातानं चीक ढवळता येत नाही आणि पातेलं धरायला दुसरा हात लागतो, म्हणून. शेवटची दोन भांडी शिजवून होईपर्यंत वीस मिनिटं गेली आणि तोपर्यंत लाडू खावासा वाटेनासा झाला. डबा मी नणंदेच्या हाती दिला. तिला सांगितलं, खडे राहू देत. मी उद्या मनमाडला जाते.

नवरा म्हणाला, मुलीची आई अशी उठून एकटी व्याह्यांच्या दारात जात नाही. मी म्हटलं, मग सोबत चला. त्याच्या ऑफिसात ऑडिट होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं मी निघाले. पिशवीत मुंबईच्या हॉस्पिटलचा कागद होता, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनातला दोन वर्षांपूर्वीचा फोटो, ज्यात दोन खुर्च्यांची जागा मी एकटीनं घेतली आहे. निफाड गेल्यावर घड्याळात आठ वाजले. मी चतकोर भाकरी काढली आणि ती सावकाश चावून खाल्ली. समोरच्या बाईनं विचारलं, एवढंच? मी हो म्हटलं.

रेल्वेच्या चाळीत त्यांचं घर शोधायला वेळ लागला नाही. व्याही बनियनवर दाढी करत होते. मला बघून त्यांनी अर्धी दाढी तशीच ठेवून सदरा चढवला. विहीणबाई आतून आल्या आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. मी बसायच्या आधीच सांगून टाकलं. विहीणबाईंनी सांगितलं असेल ते खरं आहे, आम्ही लपवलं ही चूक आहे, मुलीनं लपवू नका म्हटलं होतं, हा कागद आणि हा फोटो.

व्याह्यांनी कागद खिडकीपाशी नेला. इंग्रजी होता. बोट ठेवून एक-एक ओळ वाचली, एका शब्दावर थांबून मला अर्थ विचारला, खालचा शिक्का आणि सही उजेडात धरून बघितली. मग फोटो बघितला, मग मला. नंतर परत कागद. मी तोवर उभीच होते. गालावरचा साबण वाळून पांढरा झाला होता आणि ते त्यांच्या लक्षात नव्हतं.

"मुलीला आहे का हे?" त्यांनी विचारलं. "हे असं, खाण्याचं?"

यावर नाही म्हणणं सोपं होतं. मी म्हटलं, "जाडीचं सांगता येत नाही. माझ्या आईला होती, मला होती. खाण्याचं उलटं आहे. ती चिडली की जेवत नाही. काल दिवसभर जेवलेली नाही."

"का?"

"माझ्यावर चिडली आहे."

त्यांनी मग कागदाची घडी होती तशीच घालून मला परत दिली. लोक विचारतील, असं म्हणाले. पंगतीत तुम्ही नुसत्या बसून राहिलात तर आमच्याकडच्या बायका कुजबुजतील. मी म्हटलं, कुजबुजू देत, मी विचारणारीला सांगेन. त्यांना ते आवडलं नाही, हे दिसत होतं. विहीणबाई दारातून म्हणाल्या, "आपल्या आत्याबाई आधी विचारतील. त्यांना मी सांगते, निम्मं मनमाड कापायला डॉक्टर येणार हाय, पहिला नंबर तुमचा." व्याही हसले नाहीत.

"तारीख तीच ठेवू," ते म्हणाले. "पण यापुढं काही लपवायचं नाही. अगदी काहीही." आणि उरलेली दाढी करायला गेले.

विहीणबाईंनी पोह्यांची बशी आणली. शिगोशीग भरलेली, वर खोबरं, शेजारी लाडू. सवयीनं आणली असावी, कारण हातात दिल्यावर त्या स्वतःच गोंधळल्या. मी बशी घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. विचारलं नाही. कढईवरचं झाकण काढलं, चार चमचे ठेवून बाकीचे पोहे कढईत परत लोटले, लाडू डब्यात टाकला. पाट कुठे असतो ते विचारून घेतलं, तो मांडला आणि त्यांच्या देखत बसून खायला लागले.